खासगी शाळेची फी भरायची का? पहिलीच्या प्रवेशाआधी घरात करायचा हिशेब

खासगी शाळांचे प्रवेश अर्ज दिवाळीच्या आसपास निघतात. जिल्हा परिषदेचे गुरुजी-बाई मात्र दारात येतात ते ‘गुढीपाडवा, पट वाढवा’च्या फेरीत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, आणि तिथला प्रवेश जूनमध्ये घेतला तरी चालतो. या मधल्या चार-सहा महिन्यांतच बहुतेक घरांचा निर्णय होऊन जातो. ‘सीट संपत आल्यात’ असं कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतं, नोव्हेंबरात वीस-पंचवीस हजारांचा पहिला हप्ता जातो आणि मग चौकापलीकडची बिनफीची शाळा आतून कशी आहे हे पाहायला कुणी जात नाही. पैसे अडकले की मत बदलणं अवघड असतं.

हा लेख तीन ते पाच वर्षांचं मूल घरात असलेल्या, पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्या आई-बाबांसाठी आहे. माझं मत आधीच सांगते. फी भरण्यात गैर काही नाही. पण घराजवळच्या फुकट किंवा अनुदानित शाळेत जे मिळत नाही आणि या पैशांतून मिळतं, अशी निदान दोन ठोस कारणं तुम्हाला सांगता आली पाहिजेत. ‘सगळे तिथेच घालतात’ हे त्यातलं एक नव्हे.

पायरी १: पर्याय किती आहेत ते आधी मोजा

घरात वाद होतो तो ‘सरकारी की खासगी’ असा. महाराष्ट्रात प्रत्यक्षात यांच्या मधोमध एक भलामोठा पट्टा आहे: अनुदानित शाळा. चालवणारी संस्था खासगी, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं. रयत शिक्षण संस्था, डेक्कन एज्युकेशन सोसायटी यांच्यासारख्या जुन्या संस्थांच्या कित्येक शाळा या प्रकारातल्या. तुमच्या तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या जुन्या भागात ‘अमुक विद्यालय’ म्हणून पन्नास-साठ वर्षं चाललेली शाळा असेल तर ती बहुधा अनुदानितच असते. आठवीपर्यंत पुस्तकं मोफत, दुपारचा आहार शाळेत, शिक्षक कायम, आणि पालकांच्या खिशातून जाणारी रक्कम इंग्रजी शाळेच्या बसभाड्यापेक्षा कमी. नव्या पालकांच्या यादीत ही शाळा सहसा नसतेच, कारण ती जाहिरात करत नाही. मी म्हणेन, सगळ्यात आधी हिलाच भेट द्या.

एक मेख लक्षात ठेवा. त्याच संस्थेची, त्याच फाटकातून आत जाणारी इंग्रजी शाळा मात्र अनेकदा विनाअनुदानित असते. अनुदानित शाळेतही एखादी तुकडी विनाअनुदानित निघते. तेव्हा ‘संस्था चांगली आहे’ एवढ्यावर थांबू नका. आपलं मूल ज्या तुकडीत बसणार आहे तिला अनुदान आहे का आणि तिचे शिक्षक कायम आहेत का, ते विचारा.

बाकीचे प्रकार थोडक्यात. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिका यांच्या शाळा पूर्ण मोफत. मुंबई महापालिका आता ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने सीबीएसईच्या शाळाही चालवते आणि तिथे जागांसाठी सोडत काढावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. स्वयंअर्थसहाय्यित शाळा म्हणजे आपण ज्यांना सरसकट ‘प्रायव्हेट’ म्हणतो त्या, पूर्णपणे फीवर चालणाऱ्या. केंद्रीय विद्यालय जवळ असेल तर चौकशी करा, पण तिथे बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना आधी घेतात. केंद्र सरकारचं जवाहर नवोदय विद्यालय सहावीपासून, प्रवेश परीक्षेने, निवासी. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. म्हणजे पहिलीच्या वेळी त्याचा उपयोग नाही, पण पाचवीत असताना विसरू नका.

गोव्यात आखणी वेगळी. तिथे सरकारी प्राथमिक शाळा मराठी आणि कोकणी माध्यमाच्या, आणि चर्चसंस्थेच्या इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान मिळतं. त्यामुळे पुढचा फीचा हिशेब गोवेकरांना जसाच्या तसा लागू होणार नाही. भाषेचा आणि शाळा पाहण्याचा भाग होईल.

पायरी २: दहा वर्षांचा निर्णय एका दिवसात घेऊ नका

पहिलीत घातलं म्हणजे दहावीपर्यंत तिथेच, ही समजूत शाळांना सोयीची आहे. आपल्याकडे शाळांची रचनाच टप्प्यांची आहे: जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंत, काही सातवी-आठवीपर्यंत, माध्यमिक विद्यालयं पाचवीपासून किंवा आठवीपासून. म्हणजे पहिली, पाचवी आणि आठवी असे तीन स्वाभाविक थांबे मिळतात. प्रत्येक थांब्यावर हिशेब नव्याने मांडायचा.

शाळा बदलणं तितकं अवघडही नसतं. राज्य मंडळातून सीबीएसईत पाचवी-सहावीत गेलेलं मूल वर्षभरात रुळतं. नववीत गेलेल्याला त्रास होतो आणि दहावीत तर सीबीएसई थेट प्रवेश सहसा देतच नाही. तेव्हा जायचं असेल तर सातवीच्या आत.

उलटा प्रवासही ध्यानात घ्या. सीबीएसईत दहावी झालेली पुष्कळ मुलं अकरावीला राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात येतात, कारण एमएच-सीईटी या राज्याच्या अभियांत्रिकी-औषधनिर्माण प्रवेश परीक्षेचा पाया राज्याच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर आहे. दहा वर्षांची फी एका ‘बोर्डा’साठी भरायची आणि शेवटची दोन वर्षं दुसऱ्याच बोर्डात काढायची, असं सर्रास होतं. पाच वर्षांच्या मुलासाठी बोर्ड हा निकष मी शेवटून दुसरा धरेन. शेवटचा म्हणजे इमारत.

माझा स्वतःचा कल असा: हातात पैसा मोजकाच असेल तर तो पहिली ते चौथीवर संपवू नये. या वयात लागतात ती वाचायला नीट शिकवणारी बाई, खेळायला जागा आणि घरापासून चालत जाता येईल एवढं अंतर. यांतली पहिली गोष्ट फीच्या पावतीशी बांधलेली नाही. आठवीनंतर मात्र गणित-विज्ञानाचे चांगले शिक्षक, प्रयोगशाळा आणि पुढे कॉलेज यांवर पैसा खरोखर लागतो, आणि तेव्हा हात रिकामा असतो.

पायरी ३: फी नव्हे, खर्च मांडा

शाळा सांगते ती फी. तुमच्या घरातून जातो तो खर्च. कागद घ्या आणि चार-पाच रकाने पाडा. समजा, शहराच्या कडेच्या एका शाळेची वार्षिक फी ₹६०,००० आहे. व्हॅनवाल्या काकांचे महिना ₹१,८०० धरले तर दहा महिन्यांचे १८,०००. पुस्तकं, वह्या, दोन प्रकारचे गणवेश, दोन प्रकारचे बूट मिळून ९,०००. सहल, स्नेहसंमेलनाचा ड्रेस, प्रोजेक्टचं सामान, ‘ॲक्टिव्हिटी’ यांचे ५,०००. आणि दुसरी-तिसरीपासून लागणारा क्लास, १२,०००. बेरीज ₹१,०४,०००. साठ हजारांची शाळा लाखाच्या वर गेली, आणि यात डबा, वाढदिवसाची चॉकलेटं वगैरे धरलेली नाहीत.

घरात महिन्याला ₹४५,००० येत असतील तर वर्षाच्या ५ लाख ४० हजारांपैकी हे १९ टक्के होतात. दोन मुलं असतील तर ३८ टक्के. घराचा हप्ता आधीच तीस-पस्तीस टक्के खात असेल, तर महिनाअखेरीचं चित्र सांगायला नको.

आता वाढ. फी दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढते असं धरा, म्हणजे पहिलीतले ६०,००० नववीत १,०४,९४० होतात. दहा वर्षांची नुसती फी सुमारे आठ लाख नऊ हजार. बस, पुस्तकं आणि क्लासची महागाई वेगळी. हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा आणि घरातल्या सगळ्यांना आठवडाभर पाहू द्या. आजी-आजोबांनाही, ‘आपल्याकडे काय कमी आहे’ हे वाक्य बहुधा त्यांच्याकडूनच येतं.

ठोकताळा म्हणून मी असं सांगते: सगळ्या मुलांचा मिळून शाळेचा एकूण खर्च हातात येणाऱ्या कमाईच्या सहाव्या भागाच्या आत बसत असेल तर चिंता नाही. पाचव्या भागापर्यंत गेला तर दुसरीकडे काहीतरी कापावं लागेल, आणि काय कापणार ते आजच ठरवा. चौथ्या भागाच्या वर गेला तर ती शाळा तुमच्यासाठी नाही, ती कितीही चांगली असो. फी भरण्यासाठी सोनं गहाण टाकणारी, पर्सनल लोन काढणारी घरं मी पाहिली आहेत. ताण मुलांपर्यंत पोचतोच, आणि ‘तुझ्यासाठी एवढे पैसे भरतोय’ हे वाक्य सात वर्षांच्या मुलाला ऐकावं लागतं.

करबचतीवर भिस्त ठेवू नका. जुनी करप्रणाली निवडली असेल तर दोन मुलांपर्यंतच्या शैक्षणिक शुल्काची वजावट मिळते, तीही विमा, भविष्य निर्वाह निधी वगैरेंसकट दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत. डोनेशन, विकास निधी, बसभाडं त्यात येत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट, जी फार कमी घरांत मोठ्याने बोलली जाते. मुलगा इंग्रजी शाळेत आणि त्याची बहीण जिल्हा परिषदेत, अशी जोडी तुम्हाला प्रत्येक गावात सापडेल. कारण विचारलं की ‘दोघांची फी झेपत नाही’ असं उत्तर येतं. मग एकाचीही भरू नये, किंवा दोघांना झेपेल अशी शाळा शोधावी. थोरल्यासाठी शाळा निवडताना हिशेब धाकटीला धरूनच करा, ती अजून जन्मली नसली तरी.

पायरी ४: आरटीईत बसता का ते पाहा

आरटीई म्हणजे बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा. तो २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्याव्या लागतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळलेल्या आहेत.

महाराष्ट्रात दोन दरवाजे आहेत. दुर्बल घटकासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं आणि तहसीलदारांचा दाखला हवा. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, दिव्यांग मुलं अशा वंचित घटकांसाठी उत्पन्नाची अट नाही. जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला पुरतो. दुसऱ्या दरवाज्यातून जाता येईल अशी कितीतरी घरं ‘आपलं उत्पन्न जास्त आहे’ असं समजून अर्जच भरत नाहीत.

अर्ज ऑनलाइन आणि मोफत. शाळेपासूनचं अंतर महत्त्वाचं आणि निवड सोडतीने. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, तो अर्जाच्या तारखेआधीचा असावा. ऐनवेळी धावपळ होते ती याचीच. दिवाळीनंतर लगेच जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा आणि जातीचा दाखला एका फायलीत लावून ठेवा. नेट कॅफेवाला हजार रुपये घेऊन ‘नंबर लावून देतो’ म्हणाला तर उठून या.

या तरतुदीवर २०२४ मध्ये गंडांतर आलं होतं. ९ फेब्रुवारीला राज्य सरकारने नियम बदलून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या प्रवेशांतून मोकळं केलं. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. तेव्हा ‘आता आरटीई बंद झालंय’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मात्र ही मोफत सोय आठवीपर्यंतचीच आहे. नववीत पूर्ण फी लागू होते. आठ वर्षं ज्या शाळेत काढली ती चौदाव्या वर्षी सोडायची वेळ मुलावर येऊ शकते. म्हणून आरटीईत नंबर लागला तरी पायरी ३ मधला कागद करा, फक्त नववी-दहावीसाठी, आणि आठ वर्षांत तेवढे पैसे बाजूला पडतील असं बघा.

पायरी ५: माध्यम. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

खरं सांगायचं तर बहुतेक मराठी घरं फी भरतात ती इंग्रजीसाठी. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नोकरीला इंग्रजी लागतं. प्रश्न एवढाच, की ज्या शाळेत फी भरताय तिथे इंग्रजी मिळतं का.

हे तपासायची माझी एक पद्धत आहे. त्या शाळेत तिसरी-चौथीत जाणारं शेजारपाजारचं मूल शोधा. त्याला पुस्तकातला एखादा धडा तुझ्या शब्दांत सांग म्हणा, आधी इंग्रजीत, मग मराठीत. प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणून दाखवेल, पण ‘पुढे काय झालं?’ विचारल्यावर गप्प होईल, अशी मुलं तुम्हाला खूप भेटतील. ज्यांच्या घरी इंग्रजी बोललं जात नाही आणि ज्यांच्या वर्गशिक्षिकेलाही ते सहज बोलता येत नाही, त्यांच्या वाट्याला पाठांतर येतं. मग धडा समजावा म्हणून क्लास, क्लासमध्ये मराठीतून अर्थ. म्हणजे शिकणं मराठीतच चाललंय, फक्त दोनदा पैसे देऊन. वर इंग्रजीचा सूर तेवढा जडतो. दोन्ही भाषांतलं वाचन कच्चं राहतं.

उलट, घरात एखादं माणूस इंग्रजी पुस्तक वाचून दाखवू शकत असेल, शाळेत बाई खरोखर इंग्रजीतून गप्पा मारत असतील, वाचनालयातली पुस्तकं मुलांच्या हातात जात असतील, तर इंग्रजी माध्यम छान जमतं. मूल तेच, शाळा आणि घर दोन्ही जुळावी लागतात.

मधला रस्ता म्हणजे सेमी इंग्रजी: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. अनेक अनुदानित विद्यालयांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतही हे वर्ग आहेत. फी न भरता इंग्रजी परिभाषेची सवय लागते आणि वाचनाचा पाया मराठीत पक्का होतो. मध्यमवर्गीय मराठी घरासाठी मला तरी हा पर्याय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. इंग्रजी शाळेत घातलं तर मराठी पूर्ण सुटेल ही भीती मात्र कमी करा: २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. ती किती मनापासून शिकवतात, हे भेटीत पाहायचं.

पायरी ६: तिन्ही शाळांना शाळा चालू असताना भेट द्या

‘ओपन डे’ला जाऊ नका. त्या दिवशी भिंतींवर फुगे असतात आणि एसीच्या खोलीत गोड बोलणारा माणूस असतो. साध्या मंगळवारी, मधल्या सुट्टीच्या थोडं आधी जा. जवळची जिल्हा परिषद किंवा पालिकेची एक, अनुदानित एक आणि तुमच्या मनातली खासगी एक, अशा तिन्ही एकाच आठवड्यात पाहा म्हणजे तुलना ताजी राहते.

पहिलीच्या बाईंना भेटायचंय असं सांगा. त्या या शाळेत किती वर्षं आहेत आणि त्यांच्याआधी कोण होतं, हे विचारा. खासगी शाळांचं खरं दुखणं इथे असतं. कमी पगारावर ठेवलेल्या शिक्षिका वर्षा-दीड वर्षात सोडून जातात, आणि वर्षाच्या मध्यात बाई बदलणं सहा वर्षांच्या मुलाला फार जड जातं. सरकारी शाळेत प्रश्न उलटा विचारायचा. शिक्षक शिकलेले आणि कायम असतात, पण शाळेत वर्ग किती आणि शिक्षक किती? चार वर्गांना दोन शिक्षक असतील तर एक बाई एका वेळी दोन वर्ग सांभाळते. त्यात निवडणूक आणि जनगणनेची कामं. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय, पण पट कमी असलेल्या शाळेत त्या प्रमाणाने शिक्षक दोनच येतात.

मुलांच्या वह्या पाहायला मागा. तपासलेल्या आहेत का, चूक दुरुस्त करून घेतली आहे का, की नुसत्या लाल टिका? चाळीस वह्यांत चाळीस सारखी वाक्यं असतील तर सगळं फळ्यावरून उतरवलेलं आहे. मुलींचं स्वच्छतागृह स्वतः पाहा, पाणी आहे का बघा. मैदान खरंच वापरात आहे का, की पालकांच्या गाड्या लावायला? शाळेच्या भिंतीबाहेरच्या दुकानदाराला आणि रिक्षावाल्या काकांना विचारा. त्यांना सगळं ठाऊक असतं.

शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे प्रत्येक शाळेला मिळणारा सरकारी ओळख क्रमांक, घ्या. त्यावरून पटसंख्या, शिक्षकसंख्या, खोल्या ही माहिती ऑनलाइन दिसते. शाळेने सांगितलेल्या आकड्यांशी ताडून पाहा.

जिल्हा परिषदेच्या शाळेला जाताना मनातली प्रतिमा घरी ठेवून जा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी पालकांच्या रांगा लागत होत्या. प्रत्येक शाळा वाबळेवाडी नसते, हे खरंच. काही शाळांत जाऊन जीव गलबलतो. पण तुमच्या घराजवळची कशी आहे हे गेल्याशिवाय कळणार नाही. आणि तिथे पालकांना अधिकारही जास्त असतो: शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते.

आणखी एक हिशेब, जो कोणी करत नाही. आठवीत परीक्षा देऊन मिळवायची एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती, नववी ते बारावी दर वर्षी ₹१२,०००, फक्त सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना मिळते. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेलं घर मूल खासगी शाळेत घालतं तेव्हा फी तर भरतंच, वर या ४८,००० रुपयांवर पाणी सोडतं.

पायरी ७: पैसे भरण्याआधी हे कागद मागा

पहिला, शाळेची मान्यता. मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, तरी दर वर्षी शिक्षण विभागाला अनधिकृत शाळांची यादी काढावी लागते. ती पाहा. शाळा सीबीएसईची म्हणत असेल तर संलग्नता क्रमांक मागा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा. फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलेलं असेल तर कान टवकारा. पुस्तकं सीबीएसईची, संलग्नता मात्र नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि मूल वरच्या वर्गात गेलं की परीक्षेला कुठून बसायचं हा प्रश्न उभा राहतो.

दुसरा, मंजूर फीचा तक्ता. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार फी संस्था एकटी ठरवत नाही. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो, समितीत प्रत्येक इयत्तेतून पालक असतात, ते चिठ्ठ्या टाकून निवडतात. मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. हा तक्ता सूचना फलकावर लावायचा असतो. ‘गेल्या चार वर्षांची फी किती होती?’ हे ऑफिसात विचारा. आकडा लगेच सांगितला तर चांगलं लक्षण. प्रवेश झाल्यावर जूनमध्ये त्या चिठ्ठ्यांत आपलं नाव जरूर टाका. मी अशा एका समितीवर होते. तीस पालकांच्या वर्गातून नाव द्यायला दोघंच आली होती, आणि मग फी वाढल्यावर ग्रुपवर तीसही जण चिडले होते.

तिसरा, पावती. डोनेशन घ्यायला महाराष्ट्रात १९८७ पासून बंदी आहे आणि आरटीई कायद्यात त्यासाठी घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड आहे. पावतीशिवाय रोख मागणारी शाळा पुढेही तशीच वागेल. मुलाची किंवा आई-बाबांची मुलाखत घेऊन निवड करायलाही कायद्याने मनाई आहे, पहिल्या वेळी २५,००० आणि पुढे प्रत्येक वेळी ५०,००० दंड. ‘सहज गप्पा मारायला बोलावतोय’ म्हणून मुलाखत घेतातच, ते सोडा. पण त्या ‘गप्पां’साठी चार वर्षांच्या पोराला शिकवणी लावू नका.

नर्सरीच्या सापळ्याबद्दल दोन ओळी. पहिलीत प्रवेशासाठी नर्सरी-केजी केलेलं असलंच पाहिजे असा कायदा नाही. तरी ‘इथे केजी केलं तर पहिलीची सीट पक्की’ म्हणून मोठ्या शाळेच्या केजीत पन्नास-साठ हजार घालतात. जवळची साधी बालवाडी किंवा चांगली चालणारी अंगणवाडी असेल तर ही तीन वर्षं पैसे साठवायची आहेत. महिना सहा हजार बाजूला टाकले तरी, व्याज न धरता, पहिलीच्या दारात दोन लाख सोळा हजार हातात असतात. मग फी भरायची ठरली तरी पहिली दोन वर्षं ओढाताण होत नाही.

घातल्यानंतर

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत एकदा नीट बसा. मूल शाळेबद्दल आपणहून बोलतं का, बाईंचं नाव प्रेमाने घेतं का, सकाळी पोट दुखतं का. वाचायला लागलंय का, हेही पाहा. पण त्याची घाई नको. खर्चाचा कागद काढून प्रत्यक्ष किती गेले ते शेजारी लिहा. फरक मोठा असेल तर पुढच्या जूनची तयारी आत्ताच सुरू करा.

शाळा बदलायचं ठरलं तर वार्षिक निकाल लागल्याबरोबर लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आठवीपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता येत नाही. तसं केलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. दाखला हातात आला की तिथेच, ऑफिसच्या खिडकीसमोर उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जातीची नोंद जन्मदाखल्याशी आणि आधारशी ताडून पाहा. जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या मूळ नोंदवहीतली, चूक मात्र दाखला निघण्याआधी, मूल त्या शाळेच्या पटावर असतानाच दुरुस्त करून घ्या. नंतर त्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या खेपा लागतात, आणि हीच नोंद पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर उतरते.